साडेनऊ फूट

बीरगावच्या आमच्या घरात दिवाणापासून टीव्हीपर्यंतचं अंतर साडेनऊ फूट आहे. मी त्या घरात वाढले, शाळेपासून कॉलेजपर्यंतचा सगळा अभ्यास त्याच दिवाणावर लोळून केला, पण हा आकडा मला माहीत नव्हता. गेल्या दिवाळीआधी आई-बाबांसाठी टीव्ही घ्यायचं ठरलं तेव्हा मी पुण्याहून फोनवर सांगितलं आणि बाबांनी टेप घेऊन मोजलं. मोजून झाल्यावर म्हणाले, "साडेनऊ. पण घ्यायचा कशाला? आहे तो चालून राहिला ना."

आहे तो बत्तीस इंची. त्याआधी एकवीस इंची डबा होता. त्याच्यासाठी बाबांनी सुताराकडून भिंतभर शोकेस करून घेतलं होतं. मधोमध टीव्हीचा खण, अडीच फूट रुंद. त्याच्या एका बाजूला महाराष्ट्र मंडळाच्या गणेशोत्सवात मिळालेली बक्षिसं, आणि दुसऱ्या बाजूला माझी पुस्तकं, म्हणजे मी अनुवाद केलेली. टीव्ही केवढा असावा हे आमच्याकडे त्या खणानं ठरवलेलं होतं. डबा जाऊन सपाट टीव्ही आला तो त्या खणात मावणारा म्हणून आला.

बीरगाव रायपूरच्या उत्तरेला. एका अंगाला उरला, पुढे सिलतरा. दोन्हीकडे कारखाने. स्पंज आयर्नच्या भट्ट्यांची काळी धूळ गच्चीवर, तुळशीवर, वाळत घातलेल्या पापडांवर बसते. आई दिवसातून दोनदा फरशी पुसते आणि दोन्ही वेळा पाणी काळं होतं. बाबा मूळचे भंडारा जिल्ह्यातले, तुमसरकडचे. 1986 साली उरल्याच्या एका रोलिंग मिलमध्ये लागले आणि तेवीस वर्षं तिथेच राहिले. लालभडक लोखंड रुळांमधून धावतं त्याच्या आवाजाशेजारी तेवीस वर्षं काढली की माणसाचे कान शाबूत राहत नाहीत. त्यांचेही राहिले नाहीत.

त्यांचं बहिरेपण तसं फसवं आहे. त्यांना आवाज ऐकू येतो, शब्द कळत नाहीत. अशा नुकसानीत आधी वरच्या पट्टीतले आवाज जातात, आणि आपल्या बोलण्यात स, श, फ, त ही व्यंजनं त्याच पट्टीत असतात. स्वर ऐकू येतात, व्यंजनं गळतात. 'पाणी आण' काय आणि 'गाणी गा' काय, दोन्ही त्यांना सारखंच. म्हणून आवाज वाढवून उपयोग होत नाही, नुसती गळती मोठ्यानं ऐकू येते. त्यातून हल्लीच्या पातळ टीव्हींचे स्पीकर खाली किंवा मागे तोंड करून बसवलेले असतात, त्यामुळे संवाद भिंतीला जाऊन लागतो आणि मग आपल्याकडे येतो. कानाचं यंत्र आहे, एका डबीत. ते लावलं की पंखा आणि कुकर एवढे मोठे होतात की माणसं लहान होतात, असं बाबा म्हणतात.

आईचं उलट. कान तिखट. शेजारच्या घरात काय चाललंय ते सांगेल. डोळे मात्र गेली चार-पाच वर्षं उतरत गेले. आधी मोतीबिंदू समजलो, तो काढलाही. मग कळलं की दृष्टिपटलाच्या मध्यभागी जो मॅक्युला असतो तोच झिजतोय. कोरड्या प्रकारचा. यात माणूस पूर्ण आंधळा होत नाही. कडेचं दिसत राहतं, नेमकं ज्याच्याकडे बघावं तेच पुसलं जातं. दार दिसतं, दारात कोण उभं आहे ते दिसत नाही. आई आता समोरच्याशी बोलताना थोडी त्याच्या कानाच्या बाजूला बघते. नवख्याला वाटतं, ही दुसऱ्याच कुणाकडे बघतेय. असं तिरकं बघितलं की तिला चेहरा थोडा सापडतो.

तर असे हे दोघं संध्याकाळी सात ते साडेनऊ त्या बत्तीस इंचांसमोर बसतात. आणि एकमेकांना टीव्ही सांगतात.

हे मी कितीतरी सुट्ट्यांमध्ये बघितलं होतं आणि लक्षात घेतलं नव्हतं. मालिकेतली सासू तीन मिनिटं बोलते. बाबा विचारतात, "काय म्हणाली?" आई सांगते, "नाही म्हणते." मग आई विचारते, "कोण आलं?" बाबा म्हणतात, "दीर. हिरवा कुर्ता. तोंड पाडून आहे." दोघांचीही शैली वेगळी. आई गाळते, फार गाळते. तीन मिनिटांतून तिच्या हाती एक क्रियापद लागतं. बाबा भर घालतात. पडद्यावर नसलेल्या गोष्टीही ते सांगतात असा मला संशय आहे, कारण एकदा त्यांनी बातम्या देणाऱ्या बाईला सर्दी झाली आहे असं सांगितलं होतं.

मी जादवपूरला तुलनात्मक साहित्यात एम. ए. केलं. पुण्याहून हावड्याला जाणारी आझाद हिंद एक्सप्रेस रायपूरवरून जाते; माझं शिक्षण त्या गाडीच्या एका टोकाला आणि नोकरी दुसऱ्या टोकाला, घर मध्ये. दोन वर्षं तिथं आम्ही अनुवाद म्हणजे काय यावर पुष्कळ बोललो. निष्ठा, स्वातंत्र्य, गाळलेलं, वाढवलेलं. सुट्टीत घरी येऊन हेच दोघं दिवाणावर बसलेले असायचे, पण तेव्हा त्यांचे कान-डोळे ठीक होते म्हणा.

आईला हे काम नवीन नव्हतं. तिचे वडील शाळामास्तर, महासमुंदच्या बाजूला एका गावी. तो भाग तेव्हा रायपूर जिल्ह्यातच होता. भारतात मुंबई-दिल्लीसारखी मोजकी शहरं सोडली तर टीव्ही माहीत नव्हता, तेव्हा 1975 साली रायपूर, बिलासपूर, दुर्गच्या खेड्यांत तो पोचला होता. अमेरिकेचा एटीएस-6 नावाचा उपग्रह वर्षभरासाठी भारताकडे वळवला होता आणि सहा राज्यांतल्या 2400 खेड्यांना त्यावरून थेट कार्यक्रम दाखवले जात. 1 ऑगस्ट 1975 ते 31 जुलै 1976. 'साइट' म्हणत त्या प्रयोगाला. सकाळी शाळेच्या मुलांसाठी, संध्याकाळी गावासाठी, मिळून चार तास. आजोबांच्या शाळेला कोंबड्यांच्या खुराड्याची असते तशा जाळीची मोठी थाळी आणि एक संच मिळाला होता. वर्ष संपलं, उपग्रह परत गेला. नंतर रायपूरला जमिनीवरचं केंद्र आलं, पण ते 1977 मध्ये.

आई तेव्हा वीस वर्षांची होती. कार्यक्रम हिंदीत, तोही शहरी हिंदीत, आणि व्हरांड्यात बसलेल्या बायका छत्तीसगढी. खत कसं द्यायचं, बाळाला काय भरवायचं, हे पडद्यावरची माणसं सांगत आणि आई घरी मराठी बोलणारी मास्तरांची मुलगी, ते छत्तीसगढीत सांगे. "सगळं सांगायचीस?" मी विचारलं होतं. "सगळं कशाला? त्यांना शेण कसं वापरायचं ते माहीत होतं. जे माहीत नाही तेवढं सांगायचं." गाळण्याची सवय तिथली असावी.

या भागातल्या मराठी माणसांचा हा जुना धंदाच म्हणायला हवा. माधवराव सप्र्यांनी 1900 साली पेंड्र्याहून 'छत्तीसगढ मित्र' काढलं, आणि पुढे दासबोध व टिळकांचं गीतारहस्य हिंदीत नेलं. रायपुरात त्यांच्या नावाची शाळा आहे. ते असो, आपण टीव्हीकडे येऊ.

मार्चमध्ये मी गेले होते तेव्हा आईला घेऊन डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेलो, तिघंही. डॉक्टर भले होते, सावकाश बोलत होते, हिंदीत. जे गेलं आहे ते परत येणार नाही, म्हणाले. पुढचं जाणं हळू व्हावं म्हणून प्रयत्न करू. गोळ्या, पालेभाज्या, गॉगल, दर काही महिन्यांनी तपासणी. बाबा आईच्या शेजारीच बसले होते. डॉक्टरांच्या तोंडावर मास्क. ओठ दिसत नसले की बाबांचं सगळंच संपतं. बाहेर आल्यावर त्यांनी विचारलं, "काय म्हणाले?"

आई म्हणाली, "गोळ्या दिल्यात. हळूहळू फरक पडेल म्हणतात."

मी तिथं होते. पैसे घेऊन दुभाषाचं काम केलेली बाई मी. चुकीचं सांगितलं जातंय हे कळत असताना गप्प राहण्याचा प्रसंग माझ्यावर तोवर आला नव्हता. मी पार्किंगची चिठ्ठी शोधायला लागले.

त्यामुळे टीव्हीचा विषय मी काढला तेव्हा तो साधा उरला नव्हता. मला मोठा टीव्ही हवा होता तो आईसाठी. हिशेब सोपा आहे. मधला भाग गेलेल्या डोळ्याला चित्र जेवढं मोठं मिळेल तेवढं कडेच्या शाबूत भागात पडतं. चित्र मोठं करायचे दोन मार्ग: पडदा दुप्पट करा, नाही तर अंतर निम्मं करा. अंतर निम्मं करायला पैसे पडत नाहीत. डॉक्टरही म्हणाले होते, खुर्ची पुढे घ्या, जवळून टीव्ही बघितल्यानं डोळे बिघडतात ही समजूत सोडा. आम्ही घेऊन बघितली. साडेनऊचं पावणेपाच फूट. आईला बरं दिसलं. पण ती पुढे खुर्चीवर आणि बाबा मागे दिवाणावर. "काय म्हणाली?" त्यांनी विचारलं, तिनं मान न वळवता उत्तर दिलं आणि ते त्यांना कळलं नाही, कारण तिचे ओठ त्यांना दिसत नव्हते. बाबांनी खुर्ची तिच्या शेजारी आणून बघितली तर मधून स्वयंपाकघराकडे जायची वाट बंद. चौथ्या दिवशी खुर्ची परत भिंतीला गेली.

म्हणजे साडेनऊ फूट राहणार. मग पडदा दुप्पट. बत्तीसचे पासष्ट.

पण बाबा ऐकेनात. "आईचे डोळे सुधारून राहिले ना? दोन-चार महिन्यांत हाच टीव्ही दिसेल तिला. उगाच पैसे घालू नको." यावर मी काय बोलणार? फायदे सांगायला लागले की खरं कारण सांगावं लागणार. आई शेजारून म्हणायची, "बरोबर आहे त्यांचं. नको घेऊ."

सप्टेंबरच्या 22 तारखेपासून बत्तीस इंचांहून मोठ्या टीव्हींवरचा जीएसटी 28 टक्क्यांवरून 18 वर आला. मी तेवढ्या आधारावर तिकीट काढलं. "नुसता बघून येऊ," म्हटलं.

रायपूरच्या दुकानात त्या दिवसांत ही गर्दी. दुकानातल्या टीव्हींबद्दल एक सांगते, कारण मी आधी फसले होते. तिथं सगळे पडदे भडक केलेले असतात आणि सगळ्यांवर मोर, कारंजी, दुबईची आतषबाजी. त्यात वाईट टीव्ही कुठला ते कळूच शकत नाही. मी त्या मुलाला म्हटलं, साध्या रंगांवर आण आणि बातम्या लाव. तो नाराज झाला. "मॅडम, न्यूज में क्या दिखेगा?" फरश्या दोन फुटी होत्या, पावणेपाच फरश्या मोजून मी आईला उभं केलं. पंचावन्न इंची समोर आई म्हणाली, "बाई आहे." पासष्टसमोर गेलो. ती थोडी कानाच्या बाजूला बघत राहिली, तिच्या पद्धतीनं. मग म्हणाली, "टिकली लावली आहे हिनं. मरून."

बाबा दुसरीकडे बघत होते. बाकीचं सगळं, किती हर्ट्झ, कुठलं पॅनेल, यावर मी महिनाभर वाचलं होतं. त्यातलं कामाला आलं ते एवढंच की पडदा चकचकीत नसावा, कारण आमच्या दिवाणखान्यात पश्चिमेची खिडकी बरोबर समोर आहे, आणि कडेनं बघितलं तरी चित्र फिकं पडू नये. रिमोटवर बटणं खरी असावीत. मुलगा आवाजावर चालणारं काहीतरी दाखवत होता. बाबा त्याला म्हणाले, "बेटा, मेरे को ही सुनाई नहीं देता, ये मेरी क्या सुनेगा?"

न घेताच परत आलो.

रात्री आई झोपल्यावर बाबा शोकेससमोर उभे होते, हातात टेप. खणाच्या दोन्ही बाजूंच्या फळ्या काढल्या तर पाच फूट मिळतात, म्हणाले. पासष्ट इंचीची रुंदी पावणेपाच फूट. बसेल.

मी बघत राहिले. त्यांनी हळू आवाजात बोलायचा प्रयत्न केला, म्हणजे त्यांच्या मते हळू. "फाइलमध्ये लिहिलं आहे सगळं. इंग्रजी वाचता येते मला. मार्चमध्येच वाचलं."

"मग आईला का नाही म्हणालात?"

"काय म्हणू? तिनं सांगितलं ना, फरक पडेल. तिला तसं सांगायचं होतं."

"आणि टीव्ही नको म्हणत होतात ते?"

"मी हो म्हटलं असतं तर तिला कळलं असतं ना, की मला माहीत आहे."

हे मला पुरतं पटलं असं नाही. अजूनही वाटतं, सात महिने एका घरात दोन माणसं एकाच कागदाच्या दोन बाजूंना बसून होती, आणि त्यात एकमेकांना धीर देण्याइतकाच एकटेपणाही असणार. आई रात्री डोळ्यांवर हात ठेवून पडते तेव्हा ती कुणाशी बोलत असेल? मी बाबांना तसं म्हटलंही. त्यांना ऐकू आलं नाही, किंवा नाही आलं म्हणून दाखवलं. त्यांनी टेप गुंडाळला आणि म्हणाले, "तू असं कर. माझ्या नावानं घे. माझ्या कानासाठी. ते खाली लिहून येतं ना, ते मोठं दिसायला पाहिजे म्हणावं."

खाली लिहून येतं ते म्हणजे सबटायटल. बाबांना त्याची ओळख दूरदर्शनवरच्या 'रंगोली'तून. गाण्याचे शब्द त्याच भाषेत खाली उमटायचे. अहमदाबादच्या आयआयएममध्ये असलेल्या ब्रिज कोठारींनी लोकांना वाचायची सवय राहावी म्हणून ही कल्पना मांडली होती. बाबांच्या बाबतीत तिनं वेगळंच काम केलं.

तर टीव्ही बाबांच्या कानांसाठी आला. धनत्रयोदशीच्या आदल्या दिवशी. सुतारानं फळ्या काढल्या, बक्षिसं आणि माझी पुस्तकं आतल्या खोलीत गेली. पडदा लावल्यावर खोली एकदम लहान वाटली, आणि सुरू नसला की त्यात आपणच बसलेले दिसतो, हे मला फारसं आवडलं नाही. आईनं पहिल्याच सकाळी ओल्या फडक्यानं पुसायला घेतला. इथली धूळ नुसती धूळ नसते, लोखंडाची असते, चरे पडले असते. आता बाबा रोज जुन्या धोतराच्या कोरड्या तुकड्यानं पुसतात.

पहिल्या संध्याकाळी मी एक हिंदी सिनेमा लावला, सबटायटलसकट. बाबा वाचत होते. आई ऐकत होती, बघतही होती. दोन तास कुणी काही बोललं नाही. "काय म्हणाली?" नाही, "कोण आलं?" नाही. मला हेच हवं होतं, नाही का? दोघांनाही सगळं नीट पोचत होतं. मध्यंतरापाशी मी चहा करायला उठले आणि स्वयंपाकघरात उगाच उभी राहिले.

दुसऱ्या दिवशी सात वाजता त्यांनी स्वतःच त्यांची मालिका लावली. डिशवर येणारं मराठी चॅनेल, खाली काही लिहून येत नाही. सासू बोलली. बाबांनी विचारलं, "काय म्हणाली?"

मी पुण्याला परतले. माझं निम्मं काम हल्ली सबटायटलचंच आहे. डिसेंबरमध्ये बाबांचा फोन आला. मी केलेला एक मराठी सिनेमा त्यांनी शोधून लावला होता. संवाद मराठी, खाली माझी हिंदी. बाबा आईला मोठ्यानं वाचून दाखवत होते, का ते मला कळलं नाही, तिला तर मराठी ऐकू येत होतंच. पण त्यामुळे एक झालं. आईनं फोन हातात घेतला.

"तू हे एवढंच लिहिलंस? ती बाई तर किती बोलली."

मी सांगितलं, दोन ओळींची मर्यादा असते, माणसाला वाचायला वेळ लागतो, त्यामुळे थोडं गाळावं लागतं.

"थोडं? आईबद्दल बोलली ते सगळंच खाल्लंस. असं नाही करायचं बाई. हे समोर बसलेत, यांना ऐकू येत नाही, यांनी काय समजायचं?" मग फोन बाजूला धरून ती बाबांना सांगायला लागली, त्या बाईचं आईबद्दलचं सगळं, शब्दन् शब्द, मला फोन ठेवला आहे की नाही ते न सांगता.